काकांचे दोन नंबर: एक गाडीवर, एक कागदावर

ब्रिटनमध्ये आपल्या लोकांना गाडीसाठी मनासारखा प्रायव्हेट नंबर विकत घेण्याची किती हौस आहे, हे कुठल्याही मंडळाच्या गणपतीला पार्किंगमध्ये एक चक्कर मारली तरी कळतं. आद्याक्षरं, मुलांची नावं, लग्नाचं साल. नंबर घेताना घरात चर्चा होते, फोटो निघतात. पण ज्याने घेतला तो माणूस गेल्यावर त्या नंबरचं काय होतं, हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं. हे प्रकरण अशाच एका घराचं आहे. कुटुंबाला विचारून लिहितो आहे. नावं, गाव आणि पूर्ण नंबर मुद्दाम गाळले आहेत.

काका सप्टेंबर २०२५ मध्ये गेले. मागे काकू, एक विवाहित मुलगी स्कॉटलंडमध्ये, एक मुलगा पुण्यात, आणि मुलीची मुलगी, नुकतीच अठरा पूर्ण झालेली. मृत्युपत्र होतं. त्यात सगळी मालमत्ता काकूंना आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारे, म्हणून मुलगा व मुलगी दोघंही. नंबरांचा उल्लेख कुठेच नव्हता. काकूंना कागदपत्रांत मदत हवी होती म्हणून मी गेलो, तेव्हा गाडीचं बोलणं जवळपास पक्कं झालेलं होतं. दारात उभी असलेली जुनी डिझेल गाडी एक व्यापारी शनिवारी येऊन घेऊन जाणार होता. किंमत ठीक होती. काकूंना ती गाडी रोज डोळ्यांसमोर नको होती, आणि ते समजण्यासारखंच होतं.

त्या गाडीवरचा नंबर एम अक्षराने सुरू होणारा, पुढे एक आकडा आणि मग तीन अक्षरं: काकांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव. एम हे काकूंच्या नावाचं पहिलं अक्षर. हा नंबर काकांनी नव्वदच्या दशकात डीव्हीएलएच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी वाहन-नोंदणी संस्थेच्या, विक्रीतून घेतला होता आणि तेव्हापासून तीन-चार गाड्यांवर फिरवला होता. दर वेळी सगळा व्यवहार काकांनीच केलेला. घरातल्या बाकीच्यांना वाटायचं, नंबर आपला आहे, गाडी विकली तरी तो आपल्याकडेच राहतो.

तसं नाही. सगळं प्रकरण याच एका गैरसमजावर उभं आहे.

हक्क नेमका कुठे असतो

नंबर कोणाच्याही मालकीचा नसतो. तो सरकारचाच राहतो. पैसे भरून मिळतो तो फक्त तो नंबर लावण्याचा हक्क. नंबर गाडीवर असेल तर हा हक्क गाडीबरोबर चालतो, म्हणजे लॉगबुकवर, व्ही५सी या कागदावर, ज्याचं नाव रजिस्टर्ड कीपर (गाडी ज्याच्या ताब्यात आहे असा नोंदलेला माणूस) म्हणून आहे त्याच्याकडे. गाडी विकली, कीपर बदलला, की हक्क नव्या कीपरकडे गेला. मागून कितीही पावत्या दाखवल्या तरी तो परत येत नाही. नव्या माणसाने मनापासून द्यायचं ठरवलं तरच.

नंबर गाडीवरून काढून राखून ठेवला असेल तर मात्र हक्क कागदावरच्या नावाकडे असतो. राखून ठेवल्याचा कागद म्हणजे व्ही७७८. डीव्हीएलएकडून नवा नंबर घेतला आणि अजून कुठल्याच गाडीवर लावला नसेल तर त्याचं प्रमाणपत्र व्ही७५०. दोन्ही दहा वर्षांपर्यंत चालतात आणि मुदत संपण्याआधी फुकट वाढवून मिळतात. मार्च २०१५ च्या आधी नंबर कागदावर ठेवायलाही दरवर्षाचे पैसे पडत. ते तेव्हापासून बंद झाले. मुदत वाढवायची राहिली तर हक्क कायमचा जातो.

म्हणजे त्या शनिवारी गाडी गेली असती तर नंबरही गेला असता. व्यापाऱ्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं, त्याने रीतसर सौदा केला असता. मी काकूंना एवढंच म्हटलं, "काकू, गाडी विका, पण आधी नंबर उतरवू. त्याला दोन-चार आठवडे थांबायला सांगा." त्या म्हणाल्या, "अरे, मला वाटलं नंबरप्लेट काढून घरात ठेवली की झालं." प्लेट हा नुसता प्लॅस्टिकचा तुकडा, घरात ठेवला म्हणून हक्क राहत नाही. असं समजणाऱ्या काकू एकट्या नाहीत, म्हणून हे वाक्य इथे नोंदवतो आहे.

ऑनलाइनचा मोह

काकूंचा भाचा हुशार आणि मदतीला तत्पर. त्याने तिथल्या तिथे फोन काढला. लॉगबुकवर अकरा आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो, नंबर आणि ८० पौंड एवढ्यावर डीव्हीएलएच्या संकेतस्थळावर नंबर लगेच उतरवता येतो. "काकांच्याच नावावर आहे ना गाडी? मग पाच मिनिटांत करून टाकतो."

हे करू दिलं नाही. एक तर ती सोय रजिस्टर्ड कीपरसाठी आहे, आणि गेलेल्या माणसाच्या नावाने अर्ज करणं म्हणजे खोटं निवेदन. दुसरं, त्यातून साधणार काय? व्ही७७८ काकांच्याच नावाने निघाला असता. मयताच्या नावाचा एक कागद सोडवायचा म्हणून मयताच्या नावाचा दुसरा कागद तयार झाला असता, आणि तो सोडवायला शेवटी एक्झिक्युटरनाच पत्र लिहावं लागलं असतं.

दुसरा रस्ता होता गाडी आधी काकूंच्या नावावर करायचा. सगळं त्यांनाच मिळणार असल्यामुळे तो चुकीचा नव्हता. गाडीबरोबर नंबरचा हक्क काकूंकडे आला असता, आणि नवं लॉगबुक हातात पडल्यावर त्यांनी स्वतः ऑनलाइन नंबर उतरवला असता. मृत्युपत्र साधं असेल, वारस एकच असेल, तर हा मार्गही चांगला. इथे तो मी सुचवला नाही, कारण मुलगा परदेशात होता, दोन्ही एक्झिक्युटरांची संमती कागदावर असणं मला महत्त्वाचं वाटत होतं, आणि एव्हाना दुसरा नंबरही निघाला होता, ज्याच्यासाठी पत्रव्यवहार तसाही करावाच लागणार होता.

मग टपालाचा रस्ता धरला. व्ही३१७ हा अर्ज, काकांच्या नावाचं लॉगबुक, मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, ८० पौंडांचा धनादेश, आणि दोन्ही एक्झिक्युटरांच्या सहीचं पत्र: नंबर गाडीवरून उतरवून काकूंच्या नावाने राखून ठेवावा. पुण्याहून मुलाने सही करून मूळ पत्र कुरिअरने पाठवलं. मेलवरची प्रत चालली असती की नाही या वादातच मला पडायचं नव्हतं. एका कुरिअरच्या खर्चात प्रश्न मिटत असेल तर तो मिटवावा.

टॅक्स आणि विमा

नंबर उतरवायचा असेल तर गाडीच्या काही अटी असतात. ती स्वतःच्या इंजिनावर चालणारी हवी, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) किंवा अवजड वाहनांची चाचणी लागते अशा प्रकारातली हवी, आणि डीव्हीएलएला वाटलं तर तपासायला मिळायला हवी. तिचा टॅक्स चालू हवा, नाहीतर ती रस्त्यावर नाही असं जाहीर केलेलं, म्हणजे सॉर्न, हवं. पाच वर्षांहून जास्त काळ सॉर्नवर असेल तर मात्र टॅक्स आणि एमओटी दोन्ही लागतात. गंजत पडलेल्या गाडीवर चांगला नंबर अडकून बसतो तो इथे, आणि पाठीमागच्या अंगणात ताडपत्रीखाली जुनी गाडी ठेवणाऱ्यांनी हे आजच बघावं.

काकांच्या गाडीचा टॅक्स वर्षभराचा भरलेला होता, एमओटीही चालू होती. मृत्यूची नोंद करताना 'टेल अस वन्स' या सेवेचा क्रमांक मिळतो. त्यातून एकाच वेळी अनेक सरकारी खात्यांना कळवता येतं. मुलीने पेन्शन वगैरे कळवलं होतं, वाहनाचा भाग मात्र अजून भरला नव्हता. इथे तो उशीर कामी आला. डीव्हीएलएला कळवलं की काकांचा टॅक्स बंद होतो, उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत येतात, आणि २०१४ पासून टॅक्स पुढच्या कीपरकडे जातही नाही. त्यानंतर गाडी नव्याने टॅक्स किंवा सॉर्न होईपर्यंत मधल्या मध्ये अडकते. लपवायचं काही नव्हतंच, आमच्या पत्रासोबत मृत्यूचा दाखला होता. पण नंबरबद्दल काय हवं आहे ते त्याच पाकिटातून सांगणं आणि नुसतं 'गाडीचा मालक गेला' असं कळवून मोकळं होणं, यात फरक आहे.

विम्याचं घाईचं होतं. काकू काकांच्या पॉलिसीवर नेम्ड ड्रायव्हर, म्हणजे नाव घातलेल्या दुसऱ्या चालक, होत्या आणि म्हणून आपण गाडी चालवू शकतो असं त्यांना वाटत होतं. पॉलिसीधारक गेल्यावर ते संरक्षण गृहीत धरू नये. त्याच दिवशी फोन करून काकूंच्या नावाने थोड्या मुदतीची पॉलिसी घेतली. टॅक्स चालू असलेली गाडी दारात उभी असली तरी तिचा विमा लागतो, हे अनेकांना माहीत नसतं.

खणातला दुसरा नंबर

लॉगबुक शोधताना काकांच्या टेबलाच्या खणात एक पारदर्शक फोल्डर सापडलं. आत व्ही७५०. नात आठ वर्षांची असताना, २०१५ च्या शरद ऋतूत, काकांनी तिच्यासाठी डीव्हीएलएकडून एक नंबर घेऊन ठेवला होता. आताच्या पद्धतीचा: दोन अक्षरं, मग ६५, मग तिच्या लाडक्या नावाची तीन अक्षरं. वर पिवळी चिठ्ठी, काकांच्या सुबक अक्षरात, "अठरा झाली की द्यायचा." प्रमाणपत्रावर खरेदीदार म्हणून काका, नॉमिनी म्हणून नात. आणि एक तारीख: मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपत होती.

मुलगी फोनवर म्हणाली, "तो तर तिचाच आहे, तिचं नाव आहे त्यावर."

आपल्याकडे बँकेच्या खात्याला, विम्याला नॉमिनी लावतो, आणि माणूस गेला की पैसे नॉमिनीच्या हातात येतात, म्हणून हा समज घट्ट बसलेला आहे. डीव्हीएलएच्या कागदावरच्या नॉमिनीला असा कोणताच हक्क नाही. खरेदीदाराने ठरवलं तर नॉमिनीच्या गाडीवर तो नंबर लावता येतो, त्याचा अर्थ तेवढाच. हक्क खरेदीदाराचा. तो गेल्यावर हक्क त्याच्या मालमत्तेत जमा, आणि मृत्युपत्राप्रमाणे पुढे. म्हणजे या घरात काकूंकडे.

मला हे खटकतं. आजोबा नातीचं नाव स्वतःच्या हाताने कागदावर घालतात, दहा वर्षं तो कागद जपतात, आणि त्या नावाला काहीच वजन नसतं. नियम म्हणून तो स्पष्ट आहे, पण 'नॉमिनी' म्हणजे वारस नव्हे हे घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगायला हवं. काकांना हे ठाऊक असतं तर त्यांनी मृत्युपत्रात एक ओळ घातली असती, याची मला खात्री आहे.

सुदैवाने घरात वाद नव्हता. काकू म्हणाल्या, "त्यांनी तिच्यासाठी घेतलाय, तिलाच जाईल." पण जाणार कसा? नात विद्यापीठात, अजून गाडी नाही. तिच्यासाठी एक छोटी हॅचबॅक बघून ठेवली होती, २०१२ सालची. त्या गाडीवर हा नंबर चढूच शकत नाही. गाडी आहे त्यापेक्षा नवी भासेल असा नंबर लावता येत नाही, आणि ६५ म्हणजे सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६. उलट चालतं: नव्या गाडीवर जुना नंबर खुशाल लावा. काकांचा एम नंबर १९९४-९५ च्या मालिकेतला, तो त्यानंतरच्या कुठल्याही गाडीवर बसतो. नातीला मात्र सप्टेंबर २०१५ किंवा त्यानंतर नोंदलेली गाडीच घ्यावी लागेल.

मग दुसरं पाकीट तयार झालं. मूळ व्ही७५०, पुन्हा दोन्ही एक्झिक्युटरांच्या सह्यांचं पत्र, दाखला, मृत्युपत्राची प्रत. पत्रात मुदत संपण्याची तारीख ठळक लिहिली आणि हक्क काकूंच्या नावे करून मुदत वाढवून मिळावी असं स्पष्ट मागितलं. दोन पाकिटं वेगवेगळी, दोन्ही डीव्हीएलएच्या स्वॉन्झीच्या कार्यालयाला नोंदणीकृत टपालाने, आणि प्रत्येक कागदाची छायाप्रत घरी. दुसरं पाकीट आधी टाकलं. गाडी थांबू शकत होती, तारीख थांबणार नव्हती.

मुलीची लीजची गाडी

पहिला नंबर काकूंच्या नावे राखून ठेवण्यापेक्षा सरळ मुलीच्या गाडीवर का चढवला नाही, असं घरात विचारणं साहजिक होतं. व्ही३१७ वर दोन्ही सोयी आहेत: राखून ठेवा किंवा थेट दुसऱ्या गाडीवर न्या, फी तीच. मुलीची इच्छाही होती. पण तिची गाडी लीजवर. लॉगबुकवर रजिस्टर्ड कीपर म्हणून लीज कंपनी. नंबर त्या गाडीवर चढला की हक्क कंपनीकडे. कंपन्या परवानगी देतात, लीज संपताना नंबर उतरवूनही देतात. पण सगळं त्यांच्या अर्जांवर आणि त्यांच्या वेळापत्रकावर, आणि गाडी परत देताना कोणी विसरलं तर संपलं. गाडी अपघातात गेली तर गुंतागुंत आणखी वाढते. वडिलांची आद्याक्षरं असलेला, पुन्हा न मिळणारा नंबर एवढ्या लोकांच्या हातून फिरवू नये असं मी स्पष्ट सांगितलं. तिला वाईट वाटलं. लीज संपल्यावर ती स्वतःच्या नावाची गाडी घेणार आहे; तोवर नंबर कागदावर.

कागदावर ठेवण्यात तोटा काही नाही. उतरवताना भरलेल्या ८० पौंडांतच पुढे गाडीवर चढवण्याची फी आलेली असते.

किंमत

मालमत्तेचा हिशेब करताना नंबरांची किंमत धरावी लागते, कारण ते विकता येतात. डीव्हीएलए १९८९ पासून नंबर विकते आहे. साधे नंबर २५० पौंडांपासून मिळतात, आणि २०१४ च्या लिलावात '२५ ओ' हा एक नंबर सुमारे ५ लाख १८ हजार पौंडांना गेला. मधलं सगळं बाजाराच्या हाती. एम नंबरासाठी विचारलेल्या दोन विक्रेत्यांच्या आकड्यांत बरीच तफावत निघाली, कारण एकाने आपण विकत घेण्याचा भाव सांगितला आणि दुसऱ्याने संकेतस्थळावर लावण्याचा. प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्राला कायदेशीर मान्यता घेण्यासाठी, खरा भाव म्हणजे मृत्यूच्या दिवशी खुल्या बाजारात आला असता तो. वकिलांनी लेखी अंदाज घेऊन तो जोडला. नातीच्या नंबराची बाजारात किंमत फारशी नाही.

पुढे

काही आठवड्यांनी उत्तरं आली. व्ही७५० मुदतीच्या आत काकूंच्या नावे झाला. गाडीवरचा नंबर उतरला, व्ही७७८ काकूंच्या नावे आला आणि गाडीला तिचा मूळ नंबर परत मिळाला. सहसा मूळचाच मिळतो.

मग प्लेट बदलायच्या. नोंदणीकृत विक्रेता ओळखपत्र आणि लॉगबुक बघितल्याशिवाय प्लेट करून देत नाही, ते योग्यच आहे. जुन्या प्लेट सोडवताना दिसलं की मागच्या पिवळ्या प्लेटवर आकडा मुद्दाम अक्षरांना चिकटवलेला होता आणि एका स्क्रूचं काळं टोपण अशा जागी बसवलेलं होतं की आकड्याचं अक्षर वाटावं. कोणा दुकानदाराने वर्षांपूर्वी करून दिलेलं. अक्षराची उंची ७९ मिलिमीटर, दोन अक्षरांत ११ मिलिमीटर, दोन गटांत ३३ मिलिमीटर, हे अंतर ठरलेलं आहे. ते मोडलं तर एमओटी नापास होऊ शकते, १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नंबरच परत घेतला जाऊ शकतो. हा शेवटचा धोका लोक लक्षात घेत नाहीत. इतक्या जिव्हाळ्याचा नंबर स्क्रूच्या टोपणापायी घालवू नये. मुलीला प्लेट करताना अंतर नियमाप्रमाणेच ठेवायला सांगितलं आहे.

नव्या नंबराने विमा कंपनीला कळवलं, आणि त्यानंतरच व्यापाऱ्याला बोलावलं. तो थांबला होता, भावही तोच दिला. काकांच्या नावाने लंडनच्या कंजेशन चार्जचं (शहराच्या मध्यभागात गाडी नेण्याचं शुल्क आपोआप भरणारं) ऑटोपे खातं होतं, त्यातून एम नंबर काढून टाकला. नाहीतर उद्या मुलीच्या गाडीवर तो नंबर चढला की तिचे पैसे बंद व्हायच्या मार्गावर असलेल्या खात्यातून जायचा प्रयत्न झाला असता आणि दंडाची पत्रं काकूंच्या दारात.

राहिलं ते काकूंच्या स्वतःच्या मृत्युपत्राचं. त्यांनी ते नव्याने करून घेतलं. त्यात दोन स्वतंत्र कलमं आहेत: एम नंबरचा हक्क मुलीला, ६५ चा नातीला, पूर्ण नंबर आणि कागदाच्या प्रकारासकट. नंबर तोवर गाडीवर चढलेला असेल तर काय, हेही वकिलांनी लिहून घेतलं. दोन्ही कागदांच्या मुदतीच्या तारखा मुलीच्या, मुलाच्या आणि नातीच्या फोनमध्ये आहेत, आणि मूळ कागद खणातून निघून वकिलांकडच्या मृत्युपत्राच्या पाकिटात गेले आहेत.